नानांचं एकच म्यूझियम

गल्लीत कुणाकडे पाहुणा उतरला की नाना दिघे चहाच्या आधी हजर. "मुक्काम किती दिवस?" आणि लगेच, "म्यूझियम कोणकोणती बघणार?" पाहुण्यानं तीन सांगितली की नाना दोन कापायचे. "एकच बघा, भिया," ते इंदुरी थाटात सांगायचे, "बाकी रहने दो. काही राहिलं असेल तरच माणूस परत येतो."

नोकरीसाठी मी सोलापूरहून इंदूरला आलो आणि स्नेहलतागंजात नानांचा भाडेकरू झालो. माझे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा नाना स्वतः बरोबर गेले, लालबागचा महाल दाखवला, आणि जुन्या मूर्तींच्या संग्रहालयाच्या फाटकावरून रिक्षा परत फिरवली! असा भडकलो होतो मी! आई मात्र पुढच्याच दिवाळीत, "त्या मूर्ती राहिल्यात ना रे," म्हणत दारात उभी. आता काय बोलणार, कपाळ!

नानांची नात ईरा कॅनडात असते. दहा वर्षांची असताना आली होती. राजवाडा बघून झाल्यावर अजून बघायचंय म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. नाना ढिम्म. "बाकी सब अगली बार, बेटा." ती गेल्यावर मला म्हणाले, "चिडून गेली ना? बरं झालं. चिडलेलं पोर विसरत नाही." हा सगळा उद्योग कुणासाठी चालतो, ते मला तेव्हा कळलं. पण त्यानंतर सहा वर्षं ईरा आली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आली, चार दिवसांसाठी. त्याच्या महिनाभर आधी मीच नानांना डॉक्टरांकडे नेलं होतं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. कॅनडातल्या मुलाला, ईराच्या बाबांना, एवढ्यात सांगायचं नाही, अशी नानांनी मला शपथ घातली होती.

ती आली त्या संध्याकाळी नानांनी मला हाक मारली. "उद्या गाडी काढ, भिया. लालबाग, मूर्ती, जे जे आहे ते सगळं दाखव पोरीला. काही शिल्लक ठेवू नकोस."

"नाना..." म्हणालो आणि खुंटीवरची गाडीची किल्ली उतरवली. ईरा मात्र खूश. "काका, आजोबा चक्क हो म्हणाले!"

दोन दिवस मी तिला हिंडवलं. तिसऱ्या सकाळी ती नानांच्या पलंगापाशी येऊन म्हणाली, "झालं आजोबा. आता बघायला काहीच उरलं नाही."

"मग इथं बस," नाना म्हणाले. "आता मला बघू दे तुला."

ईरा बसली. उरलेले दोन दिवस ती तिथून फारशी हललीच नाही. मी वर खोलीत जाऊन लहान पोरासारखा रडलो. रंगपंचमीच्या आत नाना गेले.