हाक मारायची नाही

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आतेबहीण बोलता बोलता उठून गेली आणि तुम्ही दोघं तिच्या नावाने ओरडायला लागलात, तेव्हा मी कॉल बंद केला. नंतर रेंज गेली असं कळवलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते लिहिते.

तिच्या आईवडिलांच्या नोकऱ्या बदलीच्या. दर दोन वर्षांनी नवी शाळा तिला झेपेना, म्हणून दुसरीत असताना ती बारामतीजवळ जळोचीला माझ्याकडे आली. आता पाचवीत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं, आणि तिची बुद्धी वयाच्या खूप पुढे असल्याचंही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. मी सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. कागद फाइलला लावला आणि मनाशी म्हटलं, वेळापत्रक नीट आखलं की होईल सगळं.

तसं झालं नाही. इंदापूरच्या स्टँडवरचा बोर्ड एकदा वाचून तिला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या, आणि स्वतःची एक चप्पल तिथेच राहिली. शेजारच्या आबांनी मला ऐकवलंही, "बाईंनी आख्ख्या तालुक्याची पोरं वळणाला लावली, घरचीच तेवढी राह्यली." मी हसले. आबांना तिची धावपळ दिसते. मला भीती वाटते ती पोरगी गप्प होते तेव्हा. एखाद्या गोष्टीत शिरली की तिचे कान मिटतात. मग कोणी मोठ्याने हाक मारली तर ती सबंध अंगाने दचकते. तिसरीत असताना बीट चिरता चिरता आतली वर्तुळं मोजत बसली होती. मी बाहेरून नाव घेऊन हाक मारली आणि सुरी तळहातात गेली. चार टाके पडले. तेव्हापासून माझा नियम आहे: हाक मारायची नाही. समोरून जायचं, तिला आपण दिसू द्यायचं, मग हळू आवाजात थोडंच बोलायचं.

आता गेल्या हिवाळ्यातला तो रविवार. आपलं डाळिंबाचं रान इंदापूरजवळ आहे, ते वाट्याने करणारं जोडपं तुम्ही पाहिलेलं आहे. तिकडे शेतीची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ते सगळं मी कॅलेंडरवर लाल आणि निळ्या शाईने लिहून ठेवते. तुमच्या बहिणीला ते पाठ असतं. कॅलेंडरप्रमाणे तो आठवडा रात्रीचा होता. पण पाळी मध्येच बदलली होती आणि तसा फोनही मला आला होता. महिन्याच्या मधोमध खाडाखोड नको म्हणून मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. एक तारखेला नवं पान लिहायचंच होतं.

सकाळी मी आणि वाटेकरीण क्रेटपाशी बसून डाळिंबं निवडत होतो.

"बाई, बारकी येगळी कशाला काढताय? व्यापारी समद्याला नावंच ठेवतो."

"सवय आहे."

"शाळा सुटली, पण तुमची तपासणी काय सुटंना." मग पदर खोचत उठली. "चला, लाईट यायची झाली. साडेअकराला येती. मोटार चालू झाली की पाइप बघाया जायला लागंल."

मी विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

"मोटारीपाशी व्हती. म्हणली, काकी, तुमच्या पेटीतनं घरघर का येती ते बघते. म्या म्हणलं, बघ लांबनं."

मी उभी राहिले. झाडांच्या चार ओळींपलीकडे विहिरीजवळची खोली, तिच्या भिंतीवर लाईट येताच मोटार आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरची पेटी. पेटीचं दार उघडं होतं. ती विटांवर चढून उभी होती आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत होता. मान कलती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. माझ्या घड्याळात अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. लाईट कधी कधी दहा मिनिटं आधीही येते.

वाटेकरणीने ओरडायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. डाळिंबाने चिकट झालेला हात. तिला वाटलं मला वेड लागलं.

"ओरडू नका," मी कानात म्हटलं. "दचकली तर हात तारेवर जाईल. वीज बंद कुठून होते?"

"फ्यूज पेटीतच हायेत. न्हायतर पार तिकडं डीपीवर." आणि ती चपला टाकून डीपीच्या दिशेने पळाली. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळची पेटी, दोन रानं पलीकडे होती.

खोलीकडे सरळ वाट होती, पण ती पोरीच्या पाठीमागून जायची. तिला बाजूने दिसेन असं जायचं तर विहिरीला वळसा. मी वळसा घेतला. धावले नाही. त्या चालण्यातलं मला एवढंच आठवतं की मी पावलं मोजत होते आणि आकडे चुकत होते. हा वळसाच तिला मारणार, असंही एकदा मनात आलं.

तिच्या नजरेच्या टप्प्यात मी थांबले. तिला मी दिसले, एवढं कळलं.

"हात बाहेर काढ," मी म्हटलं. शुद्धलेखन घालताना असायचा तसा आवाज काढला.

"थांब ना आजी. एकच स्क्रू."

"बाहेर काढ. लाईट येणार आहे."

"नाही येणार. रात्रीची पाळी आहे. तूच लिहिलंयस." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. शाळेतल्या बाईंचं ती ऐकत नाही, डॉक्टरांचं अर्धं ऐकते, पण मी लिहिलेल्यावर तिचा पूर्ण विश्वास.

तेव्हा मला चिठ्ठी आठवली.

मी म्हटलं, "मी लिहिलेलं चूक आहे."

तिचा हात थांबला. "तुझं? कुठं चुकलंय?"

"कुठं ते तूच शोध. आज कोणता आठवडा?"

तिने हात बाहेर काढला. बोटांवर आठवडे मोजायला तिला दोन्ही हात लागतात. पहिलं बोट दुमडायच्या आत मी तिला विटांवरून उचलून खाली घेतलं. दहा वर्षांच्या मुलीला उचलायची ताकद माझ्यात नाही, नंतर आठवडाभर पाठ धरली होती. आम्ही विहिरीच्या कठड्याशी पोचलो आणि खोलीतला दिवा लागला. मागे मोटार घरघरत सुरू झाली. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही.

ती दिव्याकडे बघत होती.

"आजी, म्हणजे मी मेले असते?"

"हो."

"लगेच?"

"मला माहीत नाही."

यावर तिने थोडा विचार केला. मग वाटेकरीण अर्ध्या वाटेतून धापा टाकत परत आली, मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तुमची बहीण तिच्याजवळ बसली, तिचा हात धरला, मी सांगायच्या आत "चुकलं काकी" म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली. आणि पाचच मिनिटांनी एका क्रेटमध्ये डाळिंबं कशी रचली तर जास्त बसतील ते शोधण्यात तिचे कान पुन्हा मिटले. नऊ जास्त बसवली तिने. वाटेकरीण डोळे पुसत म्हणाली, "बाई, हिचा राग धरावा का हिच्या पाया पडावं, मला कळंना."

मलाही कळत नाही. पेटीला आता कुलूप आहे. कुलूप कसं उघडतं ते तिने मला त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं. तिची भीती तिच्यात टिकत नाही, ती सगळी माझ्याकडे जमा होते. तुमच्या आत्याला मी हे सगळं सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "आई, मी असते तर ओरडले असते."

परतताना बारामतीच्या गाडीत तिला खिडकी दिली. ती माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली. मी तिचं उजवं मनगट धरून बसले होते, नाडी लागत होती. स्टँड आल्यावर ती जागी झाली.

"आजी, सोड, हाताला मुंग्या आल्यात."

मी सोडला. गाडी अजून पुरती थांबली नव्हती, तोवर ती दोन माणसांच्या मधून दरवाज्याकडे निघालीही होती. बाहेर गाड्या मागेपुढे होत होत्या. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि दोन्ही पिशव्या सीटवरच टाकून तिच्या मागे गेले.