लांबीचं भाडं

"अर्ज वाचला, वानखेडे. पण कंपनीत असं हेडच नाही," असं म्हणून मॅनेजरसाहेबांनी माझा कागद परत सरकवला.

हेड म्हणजे खर्चाचं खातं. ज्याला नाव नाही तो खर्च करायचा नाही, हा त्यांचा धर्म. मी जिनिंग फॅक्टरीत क्लार्क होतो. कापसातून सरकी वेगळी काढायची, ते जिनिंग. आमचं ऑफिस वर्ध्याच्या बाजारात होतं, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. सेठजींनी सात मैलांवर नवी फॅक्टरी बांधली आणि ऑफिसही तिकडे नेलं. तेव्हा अजून आणे चालत, आणि माझे आणे रोजच्या मोटारीच्या तिकिटात जाऊ लागले. बिऱ्हाड हलवावं, तर बायकोला छातीचा आजार. दर आठवड्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागे. अर्जात मागितलेला प्रवासभत्ता मिळाला नाही तर नोकरी सोडणं भाग होतं. रागही येत होता. ऑफिस काही मी हलवलं नव्हतं.

टेबलाशी येऊन बसलो. माझं काम गाडीवानांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं; चिठ्ठीशिवाय गाडी फाटकातून आत घेत नसत. सौदा बाजारात होई, मग कापसाची गाडी फॅक्टरीपर्यंत येई. फॅक्टरी लांब असली तर खरेदीदारानं जादा पैसे द्यायचे, असा रिवाज. त्याला लांबीचं भाडं म्हणत.

खिडकीशी महादेव गाडीवान उभा होता. "बाबूजी, काऊन तोंड पाडून बसले?"

मी सगळं सांगितलं.

"आमी त भाडं ठरल्याबिगर बैल जुपतच नाई," तो म्हणाला. "तुमी महिनाभर येऊन राह्यले, अन् आता मांगता? कोन देईन?"

त्याचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोटार पकडलीच नाही. जुन्या ऑफिसच्या ओट्यावर जाऊन बसलो. चिठ्ठ्यांचं बुक पिशवीत होतं, आणि ते चुकून आलं नव्हतं. सेठजी त्याच इमारतीच्या माडीवर राहत. दहाच्या सुमारास खाली उतरले.

"वानखेडे, आज यहाँ कैसे?"

"ड्यूटीवर आहे, सेठजी. मला नोकरीला ठेवलं ते इथं. तिकडे न्यायचं तर लांबीचं भाडं पडेल."

"तुम क्या बैलगाड़ी हो?"

"बैलगाडीला मिळतं, म्हणून म्हटलं."

त्यांची नजर माझ्या पिशवीतल्या बुकाकडे गेली. तिकडे फाटकाशी चिठ्ठीवाचून गाड्या खोळंबल्या असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी हसले. "चलो, बैठो मोटर में."

सेठजींनी भाडं कबूल केलं आणि मॅनेजरसाहेबांना आनंद झाला, कारण हेड सापडलं: 'लांबीचं भाडं' वह्यांत होतंच. फक्त मला दर शनिवारी गाडीवानांच्या रांगेत उभं राहून त्यांच्याच रजिस्टरात सही करावी लागे. पहिल्या शनिवारी मी मधे घुसू लागलो, तर महादेवानंच हटकलं, "बाबूजी, लाइनीनं या!" रजिस्टरात बैलांचा एक रकाना होता. रकाना रिकामा ठेवणं साहेबांना पटेना. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'एक'.

घरी सांगितलं, तर बायको खोकला लागेपर्यंत हसली. पुढे ती बरी झाली, नोकरीही टिकली. मी शिकलो ते एवढंच, की भत्ता घरून निघण्याआधी मागावा. पोचलेल्या माणसाला कोणी भाडं देत नाही.