तळपायावरचा काळा डाग

लेकीची कूस उजवावी म्हणून मी तुळजाभवानीला वर्षभर अनवाणी राहण्याचा नवस बोलले होते. जळकोटच्या आमच्या रानात एकदा पायात काटा मोडला. काटा निघाला, पण ठणका जाईना, म्हणून मालकांनी तापवलेल्या बिब्ब्याचा चटका दिला. पुढं तळव्याला काळा डाग दिसू लागला. बिब्ब्याचाच असणार, असं धरून मी चालत राहिले.

तुळजापूरला दंडवत घालत होते, तेव्हा मागच्या एका अनोळखी बाईनं माझ्या पायाला हात लावला.

"अक्का, ह्यो डाग कसला? डॉक्टरला दाखवा. माझ्या सासूबाईला असाच व्हता, आमी लई उशीर केला."

उठून वळले, तोवर रांगेनं तिला पुढं नेलं होतं. नवसापायी झालेल्या जखमेबद्दल देवीच्याच दारात हे ऐकावं लागलं. याला कोप म्हणावं की कृपा, मला कळेना.

उमरग्याच्या त्वचेच्या डॉक्टरांनी दिवा बसवलेलं छोटं भिंग तळव्याला टेकवलं. "आमचे सर खिडकीपाशी नेऊन साध्या भिंगातून बघायचे," ते म्हणाले. "आम्ही शिकताना कातडीवर तेलाचा थेंब टाकायचो. आता या उजेडात तेलाशिवाय आतला रंग दिसतो, मोबाईलवर फोटोही निघतो." फोटोत माझा तळवा सरी-वरंब्याच्या रानासारखा दिसत होता. काळेपणा वरंब्यांवर होता.

"मग हे काय हाय?"

"मावशी, बिब्बाही असाच वरंब्यांवर दिसतो आणि वाईट आजारही. आज मलाही खात्रीनं सांगता येत नाही. बिब्बा असेल तर कातडीबरोबर निघून जाईल. थोड्या दिवसांनी पुन्हा फोटो काढू. तोवर चप्पल घाला."

चप्पल घालावी तर नवस मोडतो, न घालावी तर पायाची भीती. देव्हाऱ्यापुढं बसून मी दोन्हीकडून स्वतःशीच भांडायचे. शेवटी मालक म्हणाले, "तुला कळंना, मला कळंना. तिच्यावर सोड." मी चप्पल घातली आणि रडले.

दुसऱ्या फोटोत बराचसा काळेपणा गेला होता. कोपऱ्यातला एक ठिपका मात्र तसाच होता. तो बिब्ब्याखाली झाकला गेला होता. सोलापूरला तो काढला. तपासणीत वाईटच निघाला, पण वरच्या थरातच होता. जखम भरली.

लेकीकडून अजून गोड बातमी नाही. काटा देवीनं मोडला का, ती बाई देवीनं पाठवली का, नवस तुटला की फिटला, मला सांगता येत नाही. तरी मंगळवारी दिवा लावताना मन भरून येतं. आई, तुला जे कळतं ते मलाही कळलंच पाहिजे, हा हट्ट आता उरलेला नाही.