जेवायचा हात

माझी थोरली जाऊ स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत बसते आणि आलेल्या प्रत्येक माणसाला आधी विचारते, "कुठल्या हाताने जेवता?" माणसं चक्रावतात. कुणाला वाटतं, बाई हात बघून भविष्य सांगतात. एका गृहस्थाने तर "जेवण झालंय माझं, तुम्ही बसा" असं सांगून टाकलं होतं. हमाल तिला जेवणताई म्हणतात. पण तिला वेड लागलेलं नाही. हा प्रश्न एका दुपारपासून सुरू झाला, आणि त्या दुपारी मी तिच्याबरोबर होते म्हणून मीच सांगते. ती सांगायला बसली तर निम्मा वेळ स्वतःला दोष देण्यातच घालवेल.

मी तिच्या शेजारच्या खोलीत बसते. हरवलेल्या वस्तू माझ्याकडे येतात. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा दातांची अख्खी कवळी, आणि ती न्यायला कुणी आलं नाही हे त्याहून नवल. आमच्या मध्ये फळ्यांची अर्धी भिंत आहे, त्यामुळे तिचं मला आणि माझं तिला सगळं ऐकू येतं. घरी एकच ओटा, इथे एकच भिंत. आम्हा जावांची भांडणंही कामावर निघताना अर्धी ठेवली तरी चालतात.

आमचं स्टेशन मोठं. वीस फलाट, दोन पूल, आणि ज्याने कुणी बांधलं त्याने दोन्ही अंगांना सगळं सारखं बांधून ठेवलंय. मधल्या घड्याळाखाली उभं राहिलं की उजवीकडे जिना, डावीकडेही तसाच जिना. इकडे पूल, तिकडे पूल. पाट्या लावल्यात, नाही असं नाही. पण वर तोंड केलेला बाण म्हणजे सरळ जायचं की जिना चढायचा, हे पाटी लावणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून माणसं खिडकीवर येतात.

आता घरातली गोष्ट बाहेर सांगू नये, पण सांगते. माझ्या जावेला दिशा कळत नाही. अजिबात कळत नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना ती हमखास औषधांच्या कोठीत शिरते. आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. नवी लग्न होऊन आली तेव्हा चुकीच्या जिन्याने चढून ती परक्यांच्या घरात गेली, ओट्यावर भाजी ठेवली आणि वर त्यांनाच विचारलं, तुम्ही कोण. उजवं-डावं तिला आजही पटकन सांगता येत नाही. तिला चौकशीची खिडकी मिळाली त्या दिवशी माझे दीर हसून हसून आडवे झाले. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," म्हणाले. ती मात्र तीन दिवस रडत होती.

चौथ्या दिवशी तिने वही घेतली. झाडूवाल्या, हमाल, चहावाला, सगळ्यांना विचारून कुठल्या फलाटाला कसं जायचं ते लिहून काढलं आणि पाठ केलं. स्वतः चालून बघायचं तिने कटाक्षाने टाळलं, कारण चाललं की ती चुकणार आणि पाठ केलेलंही विसरणार. प्रत्येक वाट खिडकीपासून सुरू होणारी. आणि उजवं-डावं विसरू नये म्हणून कडेला लिहिलं, उजवा म्हणजे जेवायचा हात. एकदा असंच ती एका म्हाताऱ्याला बोलून गेली, "घड्याळाखाली जेवायच्या हाताला वळा." त्याचा चेहरा एकदम खुलला. गाडी सुटायची वेळ झाली की चांगल्या शहाण्यासुरत्या माणसालाही उजवं-डावं सुचत नाही, पण कुठल्या हाताने जेवतो हे कुणी विसरत नाही. तेव्हापासून ती सगळ्यांना तसंच सांगायला लागली.

मी तिला कितीही चिडवलं तरी एक मान्य करते. ज्याला वाट पाठ असते त्याला ती सांगता येत नाही. "ते काय, समोरच तर आहे," असं म्हणून तो मोकळा होतो. माझी जाऊ असं कधी म्हणाली नाही, कारण समोरचं तिलाही दिसत नाही. बावीस वर्षांत तिने सांगितलेली वाट चुकली असं सांगायला एकही माणूस परत आला नव्हता, आणि याचा तिला भारी ताठा होता. मी चार वेळा ऐकून घ्यायची आणि पाचव्यांदा म्हणायची, "चुकले असतील ते अजून शोधत असतील." मग ती दिवसभर बोलायची नाही.

त्या दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी एक बाई खिडकीवर आल्या. साठीच्या, लहानखुऱ्या, गळ्यात कापड मोजायची टेप. शिवणकाम करणाऱ्या होत्या. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. दोन वर्षांत घरी आला नव्हता, आणि आजही येणार नव्हता. एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर चालला होता, त्याची गाडी आमच्या स्टेशनात चार वीसला येऊन बारा मिनिटं थांबणार होती. तेवढी बारा मिनिटं त्याला भेटायला त्या पहाटे घरून निघाल्या होत्या.

"मापं घ्यायचीत त्याची," त्या म्हणाल्या. "अंदाजाने शिवून पाठवते. म्हणतो छान बसतंय. खोटं बोलतो."

माझ्या जावेने पाठ म्हटल्यासारखी वाट सांगितली. घड्याळापर्यंत सरळ, तिथे जेवायच्या हाताला, जिना चढून पुलाच्या टोकापर्यंत, उतरलात की पुन्हा जेवायच्या हाताला, तोच चौदा नंबर. बाईंनी खिडकीला दोरीने बांधलेलं पेन घेतलं, तळव्यावर आकडा लिहिला, हात वर करून दाखवला आणि गेल्या.

त्यानंतर दोघं-तिघं येऊन गेले. मग एका माणसाने तेच पेन घेतलं आणि तळव्यावर फलाटाचा नंबर लिहिला. इतक्यात भिंतीपलीकडून माझ्या जावेचा आवाज आला, जरा बारीक.

"धाकटे, माणूस ज्या हाताने लिहितो त्याच हाताने जेवतो ना?"

"बहुतेक. का हो?"

"या माणसाने जेवायच्या हाताने दुसऱ्या हातावर लिहिलं. मघाच्या बाईंनी मला जेवायचा हात वर करून दाखवला. आकडा त्याच हातावर होता."

मला समजायला वेळ लागला. तिला मुळीच लागला नव्हता. "डावखुऱ्या आहेत गं त्या," ती म्हणाली. "मी उलटं पाठवलं त्यांना."

मी भिंतीवरून डोकावले. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घड्याळात चार बारा. मी म्हटलं, भोंग्यावरून पुकारू. पण नाव विचारलं नव्हतं, आणि "डावखुऱ्या बाई, जिथे असाल तिथून मागे फिरा" असं पुकारलं तर निम्मं स्टेशन मागे फिरलं असतं. तोवर तिने खिडकीची फळी खाली ओढलीसुद्धा. रांगेतले लोक ओरडले. बावीस वर्षांत ती फळी कामाच्या वेळेत कधी पडली नव्हती, ती अडकली, म्हणून तिने तिला एक गुद्दा घातला. मीही माझ्या छत्र्यांना कुलूप लावलं आणि तिच्या मागे निघाले. तिला एकटीला स्टेशनात सोडणं म्हणजे हरवलेल्या वस्तूंत आणखी एकीची भर.

"आपण चौदावर जाऊ, तिथून शोधू," मी म्हटलं.

"नाही. मी सांगितलेल्या वाटेनेच जायचं. त्या बाईंच्या हाताने."

मग आम्ही दोघी, दोघींनाही नातवंडं झालेल्या, डावा हात तोंडापाशी नेत, घास घेतल्यासारखं करत निघालो, नाहीतर तिचा पुन्हा गोंधळ झाला असता. घड्याळाखाली डावीकडे. डावीकडचा जिना. तिकडचा पूल, टोकापर्यंत. ती जिन्यावर धापा टाकत होती आणि एकेका पायरीला स्वतःला शिव्या देत होती. उतरल्यावर पुन्हा डावीकडे. तिथे पार्सलची गोदामं आहेत आणि त्यांच्यापुढे एक ओसाड फलाट.

बाई तिथे एका खोक्यावर बसल्या होत्या, टेप हातात, रुळाकडे डोळे लावून. शेजारी एक ढकलगाडीवाला डोक्याला हात लावून उभा. आम्हाला बघून तो सुटल्यासारखा बोलायला लागला.

"ताई, यांना दहा वेळा सांगितलं, इथे माणसांची गाडी येत नाही. ऐकतच नाहीत. म्हणतात, खिडकीतल्या बाईंनी सांगितलंय, त्या चुकायच्या नाहीत."

माझ्या जावेने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात भोंग्यावर पुकारा झाला. गाडी चौदा नंबरवर येत होती. चार वीस.

"चुकले मी," ती म्हणाली. "उठा, तुमची गाडी चौदावर आली." आणि पुढे पाऊल टाकून थांबली. मी तिच्याकडे बघितलं आणि समजले. तिच्या सगळ्या वाटा खिडकीपासून सुरू होतात. गोदामापासून चौदाला कसं जायचं, हे वहीत नव्हतं. आणि मी? मी छत्र्या सांभाळते. मला काय कळतंय.

ती ढकलगाडीवाल्याकडे वळली. अंगात निळा कोट, छातीवर 'चौकशी' लिहिलेला बिल्ला, अशी ती म्हणाली, "दादा, चौदा नंबर कुठून?"

तो हसला. थट्टा वाटली त्याला. "ताई, तुम्ही मला विचारताय?"

"हो. मला येत नाही."

इतकी वर्षं मी तिच्याशी भांडले, पण 'मला येत नाही' हे शब्द तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. गाडीवाल्याने मग एक अक्षरही जास्त विचारलं नाही. बाईंना उचलून ढकलगाडीवर बसवलं आणि सामानाच्या भुयारातून पळत सुटला. आम्ही मागे. भुयारात अंधार, पाणी, समोरून येणाऱ्या ढकलगाड्या, आणि आमच्या बाई वर बसून विचारत होत्या, अजून किती, अजून किती. गाडीवाला दर वेळी "आलंच" म्हणत होता. दोनदा वाट अडली. एकदा तर पोत्यांची अख्खी रांग जाईपर्यंत थांबावं लागलं. माझी जाऊ मधेच म्हणाली, "गेली गं गाडी," आणि मी तिला गप्प राहायला सांगितलं, कारण मलाही तेच वाटत होतं.

चढाव चढून चौदावर आलो तेव्हा चार एकोणतीस झाले होते. मधल्या एका डब्यापाशी एक उंच, उन्हाने रापलेला माणूस पुलाच्या जिन्याकडे मान वळवून उभा होता. आई जिन्यावरून येणार असं त्याला वाटत असावं. ती सामानाच्या गाडीवर बसून मागून आली.

"इकडे बघ," बाई म्हणाल्या.

तो वळला. मिठी वगैरे मारायला त्याने हात पुढे केले, तर बाईंनी त्याच्या खांद्याला टेप लावली. डाव्या हातानेच, सराईत. माझ्या जावेला म्हणाल्या, "लिहा." तिने कोटातून वही काढली. बाई आकडे सांगत होत्या, ती लिहून घेत होती. खांदा, छाती, बाही, गळा.

"आई, आधी भेट तरी," मुलगा म्हणाला.

"भेटतेच आहे," त्या म्हणाल्या, आणि कमरेला टेप लावताना जरा जास्तच वेळ लावला. "दोन इंच उतरलास. आणि मला लिहितोस, छान बसतंय."

शिट्टी झाली. जावेने वहीतलं पान फाडून बाईंना दिलं. मुलगा चढला, दारात उभा राहून वाकला आणि माझ्या जावेला म्हणाला, "ताई, आईला वाट दाखवलीत, फार उपकार झाले." तिला ते सोसवेना. गाडीबरोबर चालत ती त्याला सांगत होती, "नाही हो, मीच चुकवलं त्यांना, मीच." त्याला ऐकू गेलं नाही. तो हात हलवत राहिला.

गाडी गेल्यावर ती बाईंसमोर उभी राहिली. "तुमची नऊ मिनिटं मी खाल्ली."

बाई टेप गुंडाळत होत्या. "खाल्लीत खरी," त्या म्हणाल्या. उगाच 'छे छे' केलं नाही, ते मला आवडलं. "बारा मिळाली असती तर मी रडण्यात घालवली असती. तीनच होती म्हणून मापं झाली." मग त्यांनी तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला.

परत आलो तेव्हा रांग घड्याळापर्यंत गेली होती, आणि स्टेशनसाहेबांचा निरोप आला होता. चौकशीची खिडकी पस्तीस मिनिटं बंद का होती, याचा खुलासा लेखी द्यावा. मी तिला समजावलं, पोटात दुखत होतं म्हणून लिहा, कुणी बघायला येत नाही. गावभर सगळ्यांना सरळ जायला सांगणारी ती, माझं वाकडं कशाला ऐकेल. तिने लिहिलं, "एका प्रवासी बाईंना मी चुकीची वाट सांगितली. त्या मुलाला भेटायला आल्या होत्या. चूक माझी आहे. ती दुरुस्त करायला गेले होते." खाली सही.

साहेब शिस्तीचे. कागद घेऊन उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचायला खुर्चीत बसले. मी मनात म्हटलं, आता बदली, नाहीतर बिल्ला काढून घेणार. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"मग?" ते म्हणाले. "भेटला का मुलगा?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. दुपारभर जिने चढताना, भुयारातून पळताना डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता तिच्या, आणि नेमकी तिथे, साहेबांच्या टेबलापुढे, ती लहान मुलीसारखी रडायला लागली. म्हणून मग मीच सांगितलं.

"भेटला साहेब. तीन मिनिटं."