देवाच्या तोंडी वाक्यं घालताना

देवाला नाटकात आणलं की किस्से हवे तेवढे मिळतात, फक्त ते लिहिणाऱ्यावर आधी चार माणसं रागावतात! नव्वदच्या दशकात रोह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी दरवर्षी नाटक लिहायचो. पंचवीसेक घरं, पण मत प्रत्येकाला.

*

पहिल्या वर्षी मी देवाच्या तोंडी लिहिलं, "हे मानवा, तुझे हृदय का व्यथित झाले?" देव करणारा योहान जवळच्या धाटावला कारखान्यात ऑपरेटर. मशिनीच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाज मोठा झालेला.

तो म्हणाला, "ह्यो देव पुन्याचा हाय काय? रोह्यात याचं ऐकनार कोन?"

*

चर्चच्या पाळकसाहेबांनी देवाचे सगळे प्रश्न खोडले. "देव सर्वज्ञ आहे, तो कशाला विचारेल?"

मग उरल्या नुसत्या ऑर्डरी. योहाननं कागद वाचून परत दिला. "हा आमचा सुपरवायझर झाला!"

प्रश्न परत आले.

*

देवाच्या खोट्या दाढीसाठी योहान पेणला एका गणपतीच्या कारखान्यात गेला. कारागिरानं विचारलं, "तुमचा देव दिसतो कसा?"

"कोनी बघितला नाय."

"मग दाढी पांढरी, हे कोनी सांगितलं?"

गडी दाढी न घेताच परत आला.

*

प्रयोगाच्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट. सुट्टीचं कारण सांगितलं, "नाटकात देव हाय."

सुपरवायझर म्हणाला, "मग दोन्हीकडे हजर राहा की!"

शेवटी शिफ्ट बदलून मिळाली.

*

मार्थाबाईचा एकुलता मुलगा कामावर जाताना अपघातात गेला. तेव्हापासून ती प्रार्थनेला येईना. ती परत यावी, एवढंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी धीर करून तिला नाटकातल्या दुःखी आईचं काम विचारलं. विचारतानाही मला लाज वाटत होती.

"बोलनार नाय," ती म्हणाली. "बसेन नुसती."

देवानं तिचं सांत्वन करायचं होतं. त्यासाठी मी नऊ वाक्यं लिहिली होती, माझ्या मते फार चांगली.

योहान रंगमंचावर आला. पहिलं वाक्य म्हणाला, "बाई, रडू नको."

मार्थाबाईनं मान वर केली. तिला बोलायचं नव्हतं, तरी बोलली.

"तुझा पन पोरगा गेला ना रे?"

मी पडद्याआडून पुढचं वाक्य सांगत होतो, योहान ऐकत नव्हता.

मार्थाबाई बाकावर जराशी सरकली.

"बस," म्हणाली.

आणि देव बसला.