वाकलेली पिन

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नजर गेली त्याच वर्षी आमच्या देऊळघाटच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आला. मी त्यावर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. दुपारी काम नसलं की मामाजी शेजारी खुर्ची टाकून बसत आणि एकेक वऱ्हाडी शब्द अर्थासकट सांगत. शाळेत मास्तर असताना मुलांच्या तोंडचे शब्द त्यांनी वह्यांत टिपले होते. त्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरलं ते त्यांच्या डोक्यात. दीड वर्षात आम्ही ‘प’पर्यंत पोचलो होतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड.

दिवाळीच्या साफसफाईत मी कॉम्प्युटरचा डबाही उघडला. ब्रशनं धूळ काढताना आतली एक चपटी वायर निघाली, ती जोर लावून परत बसवली. चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, हार्ड डिस्क सापडत नाही. दहा वेळा बंद करून पाहिला. ओळ तीच. शब्दांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मामाजींना सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“रडतं काऊन पोरी? वही घे एक. डबा दुरुस्तीले नेऊ, अन् रस्त्यानं पुन्हा सांगतो, ‘अ’पासून.”

मलकापूरला एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कॉम्प्युटरही बघतात, असं कळलं होतं. डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. बुलढाण्याला गाडी बदलली. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणावर मी डबा छातीशी धरत होते आणि मामाजी शांतपणे शब्द सांगत होते. माझं अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण मलकापूर येईस्तोवर चार पानं भरली.

दुकानदार पन्नाशीचे होते. त्यांनी डबा उघडून वीज जोडली आणि हार्ड डिस्कवर बोट टेकवलं.

“फिरून राह्यली, ताई. जिवंत हाये.”

मग त्यांनी वायर बदलली. पडद्यावर तीच ओळ. दुसऱ्या जागी जोडून पाहिली, तरी नाही. शेवटी त्यांनी डिस्क बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि भिंगातून बघितलं. वायर जिथं बसते तिथल्या बारीक पिनांपैकी एक आडवी झोपली होती.

“वायर कोणं दाबली?”

“मीच,” मी म्हटलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. “होते असं,” एवढंच म्हणाले आणि चिमट्यानं पिन उभी करू लागले. तुटली तर संपलं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचा श्वास रोखलेला मला दिसत होता. तेवढ्यात मामाजींनी विचारलं, “जमते का हो?”

“जमवतोच, बाबा. एवढं काय हाये याच्यात?”

मामाजींनी आमच्या शब्दांचं सांगितलं. पिन सरळ करता करता दुकानदार म्हणाले, “मंग ‘गंज’ घेतला का? भाजी शिजवाचा?”

मामाजी चमकले. रोज चुलीवर चढणारा गंज, म्हणजे पातेलं, आम्ही दोघंही विसरलो होतो!

पिन उभी राहिली. वायर जोडून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. डिस्कचं नाव पडद्यावर उमटलं, मग आमची फाइल. मी पहिला शब्द मोठ्यानं वाचला आणि मामाजींनी हवेतच हात जोडले. त्या भल्या माणसानं आम्हाला लगेच सोडलं नाही. “आधी नक्कल घ्या,” म्हणत सगळे शब्द फ्लॉपीवर उतरवून दिले. चहा त्यांच्या घरून आला.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजींचा ‘ज्ञ’ही झाला. अंगणात बसवून मी त्यांना सगळे शब्द वाचून दाखवले, त्याला आठ दिवस लागले. मध्येच ते मला थांबवून हसायचे आणि म्हणायचे, “हा पुन्हा वाच.”