कोपरा कापलेलं कार्ड

बशी जरा खाली ठेवा बघू, कारण ऐकताना चहा सांडेल. तर काय, मी एकदा एका धडधाकट माणसाला मारलं. तेसुद्धा पोस्टानं!

मी डहाणूत डिझाइनची कामं करतो. चिकूच्या खोक्यांची लेबलं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. आणि आमच्या नाट्यमंडळाचं सगळं, फुकटात. मंडळ म्हणजे कोण? बबन गुरुजी! तलासरी, सायवन, रानशेत, सगळीकडच्या शाळांत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तोंडाला रंग लावला.

पण मागचे दोन्ही प्रयोग रिकाम्या खुर्च्यांसमोर झाले होते. ‘व्याहीबुवांचा पोपट’ हे नवं नाटक बसवायला घेतलं तेव्हाच गुरुजी म्हणाले, “या खेपेला खुर्च्या भरल्या नाहीत तर मंडळ बंद. पडदे कुणाला तरी देऊन टाकू.” मला फार वाईट वाटलं.

त्यांचाच हट्ट, “मोबाईलवर काही आलं की माणूस ते अंगठ्यानं ढकलतो. पोस्टानं कार्ड पाठव. जुने विद्यार्थी हातात धरून वाचतील.”

झालं! माझ्या अंगात कला संचारली. पुढच्या बाजूला फक्त गुरुजींचा चेहरा, काळा-पांढरा, गंभीर. खाली रविवार, संध्याकाळची वेळ, शाळेचं सभागृह आणि ‘सर्वांनी अवश्य यावे’. नाटकाचं नाव मागे. का? उत्सुकता ताणायची! आणि वरचा एक कोपरा प्रेसवाल्याकडून तिरका कापून घेतला. नेटवर पाहिलं होतं, एकदम मॉडर्न दिसतं.

हसताय ना? हसा. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडे कोपरा कापलेलं कार्ड केव्हा येतं ते, कुणी गेलं की! मलाही ठाऊक होतं हो! पण मोबाईलच्या जमान्यात तसलं कार्ड हातात आलंच नव्हतं, आणि ऐन वेळी आठवेल ते डोकं कसलं?

शनिवारी रानशेतच्या मावशीला फोन लावला. “मावशी, कार्ड मिळालं का?”

“मिलाला रे बाबा.” मावशी मुसमुसत होती. “उंबऱ्याभायेरच वाचला, फाडला नि डोक्यावरून पानी घेतला. कसला देवमानूस होता!”

“कोण देवमाणूस?”

“आता तुला का सांगू? तूच तं धाडलास ना!”

आत्ता कुठे मला तो कोपरा आठवला! मागची बाजू कुणी बघितलीच नव्हती. कापलेला कोपरा दिसल्यावर कार्ड उलटून बघायला थांबतंय कोण? फाडायचं आणि न्हाणीघर गाठायचं!

मी घाईघाईनं फोन खाली ठेवतोय तोच अच्छाडच्या ढाब्यावरून मुकेशभाईंचा, गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्याचा, फोन आला. “गुरुजी बहु सारा माणस हता, फार चांगला माणूस! शोकसभेला टेम्पो भरून येतो. हार किती आणू?”

“मुकेशभाई, गुरुजी ठीक आहेत...”

“हो भाई, आता ते जिथे असतील तिथे ठीकच असणार.” आणि रडत रडत फोन बंद!

गुरुजींना कुणी फोन का केला नाही? केला ना! पण तालमीच्या दिवसांत गुरुजी मोबाईल बंद ठेवतात. लोकांची खात्रीच पटली. आणि गुरुजींना हे सांगायची माझी हिंमत झाली असेल असं वाटतं तुम्हाला?

रविवारी सभागृह खचाखच भरलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाजूला टोपलीत हार. गुरुजींनी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि मला मिठीच मारली. “जिंकलास रे! आणि प्रेक्षक बघ किती शांत!”

पडदा उघडला. गुरुजी लुंगी नेसून, हातात पोपटाचा पिंजरा घेऊन आले.

मग मागून मुकेशभाईंची किंकाळी, “अरे, आ तो जीवे छे! गुरुजी जिवंत!”

एकच गोंधळ! कुणी पळतंय, कुणी हात जोडतंय. मावशी तेवढी ताडकन उठली आणि माझ्याकडे बोट करून ओरडली, “मेल्या! थंड पान्यानं न्हायले ना मी!”

काय झालंय ते कळायला गुरुजींना वेळ लागला नाही. चेहरा लाल झाला. म्हटलं, आता पिंजरा माझ्या डोक्यात! पण ते पुढे आले, भरलेल्या खुर्च्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माझ्यासाठी एवढी माणसं आंघोळ करतील असं वाटलं नव्हतं. आलाच आहात, तर नाटक बघूनच जा.”

कुणीसुद्धा उठलं नाही. रडून आलेली माणसं अशी हसली की बस्स. शेवटी सगळे हार गुरुजींच्या गळ्यात पडले, जिवंतपणी. पडदे देऊन टाकायची भाषा त्या दिवशीच संपली.

पुढचं नाटक लगेच ठरलं. गुरुजी म्हणाले, “कार्ड तसंच हवं. कोपरा कापून. फक्त फोटो तुझा.”

“गुरुजी, माझ्यासाठी कोण येणार?”

“कळेलच की.”

परवा कार्डं गेली. काल मावशीचा फोन, अगदी खुशीत. “या टायमाला नाय हां फाडला! नाटकाची जाहिरात व्हावी म्हनून ओटीवर लावलाय तुझा फोटो. वर चांगला मोगऱ्याचा हार पन घातलाय!”

सकाळपासून रानशेतहून माझ्या आईला सांत्वनाचे फोन येतायत. प्रत्येक वेळी ती फोन माझ्याच हातात देते आणि म्हणते, “घे, तूच सांग बाबा, कसा गेलास ते!”